एका धंद्याचा एकच माणूस? सांगलीत तरी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या धंदेवाल्यांनी गट करून एकमेकांना कामं द्यावीत, अशा अर्थाचा मजकूर आपल्या अंकात वाचला. मजकूर चांगला होता, पण लिहिणाऱ्यानं असा गट आत बसून बघितला नसावा असं वाटलं. मी दोन बघितलेत. एक पैसे भरून आणि एक बिनपैशाचा. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं झालं तर माझी कौतुकं कापा, वहीचं तेवढं राहू द्या.

मी मोटारी भरतो. चारचाकी मोटार नव्हे, पाण्याची. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसायची, त्याच गेजची नवी तांब्याची तार मोजून वेढे घालून बसवायची, वार्निश पाजायचं, ओव्हनमध्ये वाळवायची. पाटीवर 'रिवायंडिंग' असं लिहिलंय, पण गिऱ्हाईक एकतीस वर्षांत एकदाही तो शब्द बोललेलं नाही. "मोटार भरायला टाकलीय" एवढंच. दुकान सांगलीत, माधवनगरच्या बाजूला. मी, एक कारागीर, एक शिकाऊ पोरगा, आणि हिशेबाला आमच्या घरची मंडळी.

२०१८ साली भाच्यानं मला एका गटात घातलं. वर्षाची वर्गणी, दर आठवड्याला हॉटेलात सकाळी सातला बैठक, नाश्त्याचे पैसे वेगळे, इस्त्रीचा शर्ट सक्तीचा. प्रत्येकानं उठून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा. माझी पाळी आली. मी म्हणालो, "मी मोटारी भरतो. जळाली असेल तर भरून देतो, जळाली नसेल तर जळाली नाही असं सांगतो." संपलं. समोरच्या घड्याळात अजून पन्नास सेकंद शिल्लक होते. कोणी काही बोलेना, मीही बोलेना. शेवटी इडली आली.

वेळेचीच पहिली अडचण. शेतीला थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री अशी आलटून पालटून मिळते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दिवसपाळीच्या आठवड्यात मोटार बसली की शेतकरी उजाडायच्या आत ती जीपमध्ये टाकून माझ्या दारात उभा असतो. त्याचा ऊस वाळत असतो. त्यानं दाराला कुलूप बघायचं आणि मी हॉटेलात टाळ्या वाजवायच्या, हे जमेना.

दुसरी अडचण मला तेव्हा अडचण वाटलीच नाही. त्या गटाचा नियम होता, एका धंद्याचा एकच सभासद. मोटार भरण्याची खुर्ची माझी. गावातल्या दुसऱ्या एका मोटार भरणाऱ्यानं (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे) पाहुणा म्हणून यायची इच्छा दाखवली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, जागा भरलीय. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आप्पा बाहेर आणि मी आत!

हा नियम आला कुठून, याची मी नंतर माहिती काढली. रोटरी क्लब १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना घेऊन सुरू केला. तिथंही सुरुवातीपासून एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायची रीत होती. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत फिरती असायची, म्हणून नाव रोटरी. पुढं १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात आयव्हन मायस्नर यांनी बीएनआय काढली, धंदेवाल्यांनी एकमेकांना कामं द्यायची संघटना. 'दिलं की मिळतं' हे त्यांचं घोषवाक्य. तिथंही एका शाखेत एका धंद्याची एकच खुर्ची. त्यांच्या जागी हे बरोबर असेल. परक्या, मोठ्या शहरात ओळख नसलेली माणसं एकत्र बसवायची, तर काम कोणाला द्यायचं यावर घोळ नको. हा एकच प्लंबर, त्यालाच द्या. गणित सोपं होतं.

पण सांगलीत मला माझ्यासारखे पाच मोटार भरणारे नावानिशी माहीत आहेत आणि त्या पाचांना मी. कोणाकडं कुठलं वार्निश वापरतात तेही माहीत आहे. अशा गावात एकाला आत घ्यायचं आणि पाचांना दाराबाहेर ठेवायचं, म्हणजे पाचांची तोंडं आपण होऊन फिरवायची. हे मला कळायला ऑगस्ट २०१९ यावा लागला.

त्या महापुराचं नव्यानं काय सांगू. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या पुढं. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, शामरावनगर, सगळं पाण्यात. माझ्या दुकानापर्यंत पाणी आलं नाही, पण ते ओसरल्यावर मोटारी आल्या. अपार्टमेंटच्या तळघरातल्या, पिठाच्या गिरण्यांच्या, विहिरींवरच्या, एक तर लहान पोरांच्या आकाशपाळण्याची. सगळ्यांच्या पोटात काळा चिखल. पहिल्या दोन दिवसांत शंभराच्या वर आल्या, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. लोक पुरानं आधीच खचलेले, आणि त्यात कोणीतरी उठवलेलं की पाण्यात बुडालेली प्रत्येक मोटार भरावीच लागते.

तसं नसतं. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. बुडालेली मोटार आहे तशी चालू करायची नाही, चालू केली की जळते. उघडायची, स्वच्छ गोड्या पाण्यानं चिखल धुवायचा, मंद आचेवर किंवा उन्हात पुरती वाळवायची, मग मेगर नावाच्या मीटरनं विजेची गळती तपासायची. रीडिंग चांगलं आलं तर वार्निशचा एक हात आणि नवी बेअरिंगं, बास. त्या शंभरातल्या बहुतेक मोटारी अशाच सुटल्या. पण धुणं, वाळवणं आणि तपासणं तीन माणसांच्यानं होणारं नव्हतं.

तेव्हा आप्पा आले. त्यांचं दुकान गावभागात. वाइंडिंगचं मशीन, तारेची रिळं, ओव्हन, सगळं सहा दिवस पाण्याखाली होतं. दारात उभं राहून त्यांनी अंगण बघितलं आणि म्हणाले, "मला घरी बसवत नाही. एक पाना दे." पुढचे अकरा दिवस ते माझ्या अंगणात बसून माझ्या गिऱ्हाइकांच्या मोटारी उघडत होते. तिसरा एक मिरजेचा. वयानं लहान, मला दादा म्हणतो आणि गेली आठ वर्षं माझी गिऱ्हाइकं तोडत होता. त्यानं टेम्पो पाठवून तीस मोटारी नेल्या आणि आठ दिवसांत तपासून परत आणल्या. मजुरी विचारली तर दोघंही म्हणाले, हिशेब नंतर बघू.

आई तेव्हा होती. आई शिराळ्याकडची. चहा घेऊन आली, अंगणातले तिघं मोटारवाले बघितले आणि म्हणाली, "पैरा केलाय व्हय रं?"

पैरा हा शब्द शहरातल्या पोरांना माहीत नसेल. ज्याच्याकडं एकच बैल आहे त्याला नांगर धरता येत नाही. तो दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. आज तुझं रान, उद्या माझं. मजुरी नाही, व्याज नाही, कागद नाही, पण कोणाचं किती फिटलं ते दोघांच्याही डोक्यात पक्कं असतं. आणि गंमत बघा, एक बैल असलेल्याला सुताराचा, लोहाराचा उपयोग वेगळा. जू जोडायला मात्र दुसरा बैलवालाच लागतो, म्हणजे त्याच्याच धंद्यातला. आईच्या एका शब्दानं त्या हॉटेलातल्या खुर्चीचं मला हसू आलं. वर्गणी पुन्हा भरली नाही.

आपल्याकडं ही काही नवी गोष्ट नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. भिंतीला भिंत लागून सतार, तंबोरा करणारी घरं, म्हणजे सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. दीडशे वर्षांहून जास्त काळ ही कला तिथं टिकली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत एकच सतारमेकर ठेवायचा नियम असता तर आज गल्लीही नसती. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या अडती एकाला एक लागून आहेत, म्हणून तर लांबचा खरीददार इथं येतो. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई करणारी, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली ती कशी? आधी गेलेल्यानं भावकीतला पोरगा बोलावला, त्याच धंद्यात, त्याच पेठेत उभा केला. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर असताना आपण मिनिट मोजायला हॉटेलात जातो.

तर आम्ही गट काढला तो असा. जानेवारी २०२०, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मंगळवार. माझ्या दुकानात, रात्री साडेआठला, शटर अर्धं ओढून. बोलावलं कोणाला? मी फोनमधली मागच्या महिन्याची यादी काढली. गिऱ्हाइकाला "अमक्याकडं जा, माझं नाव सांग" असं मी ज्यांच्याबद्दल खरोखर म्हणालो होतो तेवढेच. नऊ नावं निघाली. आप्पा, मिरजेचा पोरगा, कुपवाड एमआयडीसीतला लेथवाला, बेअरिंगचं दुकान, पाईप-फिटिंगचं दुकान, छोटा हत्ती चालवणारा, खोकी बनवणाऱ्या वहिनी, एक छापखानावाले तात्या आणि एक करसल्लागार. नवा गट काढू बघणाऱ्यानं नावं शोधायला बाहेर जाऊ नये, ती फोनमध्ये असतात. ज्याला आपण आजवर एकही गिऱ्हाईक पाठवलेलं नाही त्याला गटात घेऊन पाठवायला लागू, हा भ्रम आहे.

पहिल्याच बैठकीत अध्यक्ष कोण यावर अर्धा तास गेला. तात्यांचं म्हणणं, संस्था नोंदवू. करसल्लागारानं सांगितलं की त्यासाठी निदान सात माणसं लागतात, ती आहेत, पण मग घटना, दरवर्षी हिशेब तपासणी, धर्मादाय कार्यालयात कागद, हे सगळं आलं. आप्पा म्हणाले, पद आलं की फ्लेक्स येतो. फ्लेक्स छापणार तात्याच, त्यामुळं सगळे हसले आणि विषय मागं पडला तो आजवर मागंच आहे. बँकेत खातं नाही, कारण गोळा करायला काही नाही. ज्याच्याकडं बैठक त्याचा चहा.

बैठक महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी, आळीपाळीनं प्रत्येकाच्या दुकानात. हे मात्र मी रोटरीच्या त्या जुन्या रीतीवरून उचललं आणि ते सोन्यासारखं निघालं. माणूस मिनिटभर बोलून जे सांगू शकत नाही ते त्याचं दुकान सांगतं. लेथवाल्याकडं तीन वर्षं मी शाफ्ट पाठवत होतो. त्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा कोपऱ्यात किवे (शाफ्टवरची खाच) घालायचं मशीन दिसलं. हे काम मी कोल्हापूरहून करून आणत होतो! विचारलं तर म्हणतो, "तुम्ही कधी विचारलं नाही."

पाच बैठका झाल्या. सहावी २४ मार्चच्या मंगळवारी होती आणि त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पुढचे काही महिने आम्ही फोनवरच होतो. व्हॉट्सॲपचा गट काढला होता, त्यात चार दिवसांत सुविचार, पाचव्या दिवशी राजकारण आणि सातव्या दिवशी दोघांचं भांडण. बंद केला. आता बैठकीची जागा कळवण्यापुरता एक गट आहे, त्यात फक्त मी लिहू शकतो.

आता वही. दोनशे पानी, आडव्या रेघांची. पाच रकाने: तारीख, कोणी पाठवलं, कोणाकडं, काम काय, आणि काय झालं. बैठक सुरू होते ती मागच्या पंधरवड्याच्या नोंदी मोठ्यानं वाचून. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बाहेरच्या गटात मला तोच कुठं दिसला नाही. तिथं किती रुपयांचा धंदा दिला याचे आकडे भिंतीवर लागायचे आणि ते आकडे ज्याचे त्यानंच सांगितलेले. आमच्या वहीत रुपयाचा रकाना नाही. "पाईपवाल्यांनी पाठवलं, आप्पांकडं, साडेसात एचपी पाणबुडी, भरून दिली, शेतकरी खूश." "वहिनींनी पाठवलं, लेथवाल्याकडं, रोलरची पुली, माप चुकलं, परत करून दिली." "मी पाठवलं, बेअरिंगवाल्यांकडं, गिऱ्हाईक गेलंच नाही." तिसरी नोंदही तितकीच कामाची. गिऱ्हाईक का गेलं नाही हे विचारल्यावर कळलं की मी दुकानाची खूण चुकीची सांगत होतो.

वहीत माझ्या नावानं एक नोंद आहे, ती लपवत नाही. बेअरिंगवाल्यांनी त्यांच्या एका ओळखीच्या दूध संकलनवाल्याची चिलरची मोटार माझ्याकडं पाठवली. मी उद्या देतो म्हणालो. त्याच संध्याकाळी पाहुण्यात लग्न निघालं, मी गेलो, शिकाऊ पोराला ते जमलं नाही. दोन दिवस लागले आणि त्या माणसाचं एका वेळचं दूध नासलं. बैठकीत वही वाचताना शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'उशीर, दूध गेलं' असं होतं आणि बेअरिंगवाले माझ्याकडं न बघता चहा पीत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर त्या गवळ्याच्या दारात गेलो, मजुरी घेतली नाही. तिथून नियम झाला: काम बिघडलं तर करणारा आणि पाठवणारा दोघांनी मिळून गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. पाठवणाऱ्याचा शब्द गेलेला असतो ना.

एकाच धंद्याचे लोक एकत्र बसले की गिऱ्हाईक पळवापळवी होणार नाही का, असं मला सगळे विचारतात. झाली. एकदा. माझ्याकडं नेहमी येणाऱ्या एका गिरणीवाल्याला मिरजेच्या पोरानं कमी दर सांगितला. मी बैठकीत काढलं. तो म्हणाला, "दादा, ते गिऱ्हाईक तुमचंच आहे हे मला कसं कळणार?" खरंच होतं, त्यानं आपण होऊन काही केलं नव्हतं. मग ठरलं की वहीतून गेलेलं गिऱ्हाईक वहीतल्या दुसऱ्यानं ओढायचं नाही, बाकी मैदान मोकळं. कोणीतरी म्हणालं, मग सगळ्यांनी एकच दर ठेवू. करसल्लागार एकदम ताठ बसले. एका धंद्यातल्या माणसांनी संगनमतानं दर ठरवणं हे २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, हा विषय या खोलीत पुन्हा काढू नका, असं त्यांनी बजावलं. नवा गट काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कामं वाटून घ्या, हत्यारं उसनी द्या, तार संपली तर रीळ द्या, पण दर ज्याचा त्यानं ठरवावा.

आणि भिशी लावू नये. आम्ही २०२२ मध्ये लावली होती, हौसेनं. आठव्या महिन्यात एकाचे हप्ते थकले. उचल त्यानं आधीच घेतलेली. माणूस वाईट नव्हता, घरात आजारपण होतं. पण त्याला बैठकीला यायची लाज वाटू लागली, तो आला की बाकीचे गप्प होऊ लागले आणि दोन महिने वहीत एकही नोंद नाही. शेवटी चौघांनी मिळून भिशी फिटवली आणि बंद केली. तो माणूस वर्षभरानं परत आला. आला म्हणून बरं.

करसल्लागारांचं एक देणं मात्र लिहायलाच हवं, कारण त्याचा फायदा या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेडवाल्याला आहे. लेथवाल्याचे एका मोठ्या कारखान्याकडं सात-सात महिने पैसे अडकायचे. करसल्लागारांनी त्याला 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करायला लावली. ही ऑनलाइन होते आणि फुकट असते, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, असं छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण व्याज मागायची आपल्यात कोणाची छाती? पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडावं लागेल. खरा फरक पडला तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर काम करून घेणाऱ्याला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. आता त्यांच्याच सीएला आपली आठवण येते. लेथवाल्यानं भांडण केलं नाही, कागद पाठवला नाही. तात्यांनी त्याच्या बिलबुकावर उद्यम क्रमांक ठळक छापून दिला, एवढंच. मार्च जवळ आला तसा कारखान्यातून फोन आला की तुमचं किती येणं आहे ते कळवा. दुरुस्ती ही सेवा धरली जाते, त्यामुळं माझ्यासारख्यालाही हे लागू आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र नाही. आमचे बेअरिंगवाले त्यावर अजून नाराज आहेत.

असं वाटेल की आम्ही सगळे तेलकट हातांचेच. तसं नाही. मिरजेच्या पोरानं एका तंबोरा करणाऱ्या काकांना आणलं, त्यांच्या पॉलिशच्या मोटारीचं काम होतं. काका बोलता बोलता म्हणाले, पंढरपूरच्या बाजूनं भोपळे येतात, वर्ष-वर्ष वाळवतो, महिनाभर एका वाद्यावर बसतो आणि पार्सलमध्ये भोपळा फुटतो. खोकीवाल्या वहिनी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी काकांना तंबोरा आडवा कसा ठेवता, भोपळ्याला आधार कुठं, हे विचारलं, पदराच्या टोकानं माप घेतलं आणि पुढच्या बैठकीला सात थरांच्या पुठ्ठ्याचं, भोपळ्याच्या आकाराचं आतलं कडं असलेलं खोकं घेऊन आल्या. काकांनी त्यात तंबोरा ठेवला आणि छोटा हत्तीवाल्याला सांगितलं, मिरज ते सांगली खड्ड्यांतून ने. तो नेऊन परत आला. तंबोरा सुरात होता की नव्हता मला कळत नाही, पण फुटला नव्हता. हॉटेलातल्या एका मिनिटात हे झालं नसतं.

आम्ही आता चौदा आहोत. त्यात मोटार भरणारे तीन, लेथवाले दोन, खोकीवाल्या दोन. दुसऱ्या खोकीवाल्या पहिल्या वहिनींनीच आणल्या, कारण गणपतीच्या आधीच्या महिन्यात एकटीच्यानं ऑर्डर निघत नाही. वीसच्या पुढं जायचं नाही असं ठरलंय. एका दुकानात तेवढेच मावतात आणि वही वाचायला तेवढाच वेळ असतो. तासगावच्या एका बेदाणा शेडवाल्यानं आमच्यात यायचं विचारलं होतं. त्याला म्हणालो, वीस-पंचवीस किलोमीटरवरून तू दर पंधरवड्याला येणार नाहीस, तुझ्या गावात तुझा काढ, पहिल्या दिवशी वही घेऊन मी येतो. विट्याला, जतला कोणी काढत असेल तर त्यांच्याकडंही येईन, फक्त मंगळवार सोडून आणि दिवसपाळीच्या लाईटचा आठवडा सोडून.

माझं नाव आणि फोन नंबर छापू नये ही विनंती. मागं एका मासिकात नंबर आला होता, तर कर्ज देतो म्हणणाऱ्यांचे फोन सहा महिने थांबले नव्हते. ज्याला भेटायचंय त्यानं कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात विचारावं. पुढची बैठक छोटा हत्तीवाल्याकडं आहे. त्याला दुकान नाही, म्हणून स्टँडजवळ गाडीच्या हौद्यातच बसणार आहोत. ताडपत्री तो आणणार, वही माझ्याकडं.

आपला,
एक मोटार भरणारा, सांगली